पासवर्ड काढून टाकला म्हणजे राउटर दुरुस्त झाला असं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात ऑनलाइन फसवणुकीच्या बातम्या जवळजवळ रोज असतात. ओटीपी कुणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, हे आता आमच्या बिल्डिंगमधल्या आजींनाही तोंडपाठ झालंय आणि ते चांगलंच आहे. पण एक पासवर्ड असा आहे जो कुठलाच माणूस रोज टाकत नाही, तो दोन मशिनी आपसात तपासतात, दोन शाखांमधले दोन राउटर (शाखांचं नेटवर्क एकमेकांना जोडणारी यंत्रं), आणि तो पासवर्ड कुणीतरी सरळ काढून टाकलेला मला गेल्या दोन वर्षांत चार ठिकाणी सापडला. म्हणून हे पत्र. लांब झालंय, कापायचं असेल तर कापा पण पतपेढीचा भाग तेवढा ठेवा.

मी २००३ पासून नेटवर्किंगच्या कामात आहे. सुरुवात लॅमिंग्टन रोडला एका दुकानात केली, तेव्हा मोडेम आणि लॅन कार्ड विकायचो आणि संध्याकाळी गिऱ्हाइकाकडे जाऊन बसवून द्यायचो, आता स्वतःचं काम करते. माझे कस्टमर म्हणजे पतपेढ्या, पॅथॉलॉजी लॅब, दोन-तीन शाखा असलेली दुकानं. मोठ्या बँकांकडे चोवीस तास बसलेली टीम असते, ह्यांच्याकडे कुणी नसतं, एएमसीवाला (वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट घेतलेला) येईल तो देव.

तर पतपेढी. मुख्य ऑफिस लालबागला, शाखा भांडुपला, मध्ये २ एमबीची जुनी लीज्ड लाइन, म्हणजे टेलिफोन कंपनीकडून फक्त आपल्यासाठी भाड्याने घेतलेली तार, बरीच वर्षं बिनबोभाट चाललेली. जुलैमध्ये एका रात्री भांडुपला लाइट गेली, आली, परत गेली, आणि सकाळी राउटर मेलेला. एएमसी ज्या कंपनीकडे आहे त्यांनी दुपारी दुसरा राउटर पाठवला आणि सोबत एक नवीन मुलगा. मुलगा मेहनती होता, रात्री साडेनऊपर्यंत बसला, त्याच्यावर माझा राग नाही हे आधीच सांगते. त्याने सगळं टाकलं, लिंक वर आली, काही सेकंदांनी खाली गेली, परत वर, परत खाली, दिव्यांची नुसती उघडझाप चालू.

असं झालं की आपल्याकडे पहिला संशय लाइनवर. टेलिफोन कंपनीकडे डॉकेट (तक्रार) टाकलं, त्यांनी लूप देऊन (पाठवलेला सिग्नल तसाच परत येतो का ते) बघितलं, लाइन क्लीन आहे म्हणाले आणि डॉकेट बंद केलं. ह्यांनी दुसरं डॉकेट टाकलं, तेही तसंच बंद झालं. दोन दिवस हेच. त्या दोन दिवसांत शाखेत पासबुकं भरून मिळेनात, पैसे काढायला आलेल्यांना लालबागला जा म्हणून सांगितलं, आणि भांडुपहून लालबागला जायचं म्हणजे स्लो लोकल धरून करी रोडला उतरायचं, तिथून चालायचं, पावसात. एक मावशी मुलीची फी भरायला पैसे काढायला आल्या होत्या, त्या दोन वेळा परत गेल्या. हे मला तिथल्या क्लार्क ताईंनी सांगितलं आणि सांगताना त्यांच्याच डोळ्यांत पाणी होतं.

तिसऱ्या दिवशी कंपनीच्या सीनियरने फोनवरून त्या मुलाला सांगितलं, ऑथेंटिकेशन (म्हणजे पासवर्डची तपासणी) काढून टाक. त्याने भांडुपच्या राउटरमधली एक ओळ काढली, लालबागच्या राउटरमधली एक ओळ काढली, लिंक ताठ उभी राहिली. कॉल क्लोज, रिपोर्टवर सही-शिक्का, रिमार्कमध्ये 'लाइन इश्यू रिझॉल्व्ड'. लाइनचा इश्यू कधी नव्हताच.

मी तिथे दीड महिन्याने गेले ते दुसऱ्याच कामाला, सहज शो रन (राउटरची सगळी सेटिंग दाखवणारी कमांड) मारून बघितलं आणि जिथे ऑथेंटिकेशनची ओळ असायला हवी तिथे काहीच नाही. चेअरमन काकांना विचारलं तर ते म्हणाले, अहो ताई, दुरुस्त झालं ना, चालतंय ना. त्यांना समजावून सांगायला मला अर्धा तास लागला, तेच इथे लिहिते.

अशा लाइनवर दोन राउटर पीपीपी नावाच्या पद्धतीने बोलतात. आधी ते एकमेकांशी बोलणं जुळवतात, त्याला एलसीपी म्हणतात, मग ओळख पटवतात म्हणजे ऑथेंटिकेशन, आणि ओळख पटली तरच पुढे आयपीचं, म्हणजे प्रत्यक्ष माहिती नेण्याचं, बोलणं सुरू होतं. हा क्रम एकदा डोक्यात बसला की भांडुपची अर्धी गोष्ट कळते. लाइन खराब असती तर पहिली पायरीच धड झाली नसती. इथे पहिली पायरी व्हायची, दुसऱ्या पायरीवर ओळख पटायची नाही, राउटर लिंक तोडायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचा, म्हणून ती उघडझाप. लूप टेस्ट क्लीन येते आणि लिंक ठरावीक वेळाने वर-खाली होते, ह्याचा अर्थ बऱ्याचदा लाइन बरी आहे, भांडण ओळखीचं आहे, असा असतो. हे कुणी त्या मुलाला शिकवलं असतं तर दोन डॉकेटं आणि दोन दिवस वाचले असते.

ओळख पटवायच्या पद्धती मुख्य दोन, पॅप आणि चॅप. पॅपमध्ये एक राउटर दुसऱ्याला नाव आणि पासवर्ड जसाच्या तसा पाठवतो, उघडा, वाटेत कुणी ऐकत असेल तर त्याला वाचता येतो. चॅपमध्ये पासवर्ड लाइनवरून कधीच जात नाही. लालबागचा राउटर भांडुपला एक आकडा पाठवतो, दर वेळी नवीन, भांडुप त्या आकड्यात आपल्याजवळचा गुप्त पासवर्ड मिसळून एमडी५ नावाचं गणित करतो आणि फक्त उत्तर परत पाठवतो. लालबाग तेच गणित स्वतः करून बघतो, उत्तर जुळलं तर ये आत. चोराने एकदाचं उत्तर चोरलं तरी पुढच्या वेळी आकडा वेगळा असतो. ही चॅपची पद्धत १९९६ च्या आरएफसी १९९४ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज, १९९४ हा त्याचा क्रमांक) मध्ये लिहिलेली आहे, म्हणजे काही नवीन नाही. एमडी५ आज कच्चं मानतात आणि जिथे जमेल तिथे वरून आयपीसेक टनेल (सगळी माहिती कुलूपबंद करून नेणारी वाट) टाकावा हेही खरं, पण कच्ची कडी आहे म्हणून दारच उघडं ठेवा असं तर कुणी म्हणणार नाही ना.

आता मुलाचं चुकलं कुठे. मी चेअरमन काकांकडून शनिवारी संध्याकाळचा एक तास मागून घेतला, शाखा बंद झाल्यावर, कन्सोल केबल (लॅपटॉप थेट राउटरला जोडायची) लावली, दोन्हीकडे चॅप परत चालू केलं आणि डीबग पीपीपी ऑथेंटिकेशन ही कमांड लावली, ओळख पटवताना राउटर काय करतोय ते ती स्क्रीनवर दाखवते. पाच मिनिटांत सगळं समोर. पहिली गोष्ट नावाची. चॅपमध्ये राउटर स्वतःचं होस्टनेम सांगतो आणि समोरचा त्या नावाने आपल्या यादीत पासवर्ड शोधतो. जळालेल्या राउटरचं नाव नुसतं भांडुप होतं, सगळी कॅपिटल अक्षरं, नव्याचं नाव मुलाने भांडुप-न्यू ठेवलं. लालबागच्या यादीत भांडुप-न्यू कुणीच नाही, म्हणून तिथे यूजरनेम सापडत नाही असा मेसेज येत होता, स्वच्छ लिहिलेला, पण बघायला डीबग तर लावायला पाहिजे. शिवाय ह्या नावांत कॅपिटल आणि स्मॉल वेगळं धरतात, त्यामुळे नुसतं 'न्यू' काढून स्मॉलमध्ये लिहिलं असतं तरी चाललं नसतं.

नाव सरळ केलं. आता नाव सापडत होतं तरी ऑथेंटिकेशन फेलच. आणि ही दुसरी चूक मला जास्त महत्त्वाची वाटते कारण ती चांगल्या सवयीतून आलेली आहे. क्लासमध्ये शिकवतात की पासवर्ड नेहमी 'सिक्रेट' म्हणून टाका, 'पासवर्ड' म्हणून टाकू नका, सिक्रेट सुरक्षित असतो. लॉगिनसाठी हे शंभर टक्के बरोबर आहे. पण सिक्रेट म्हणजे राउटर मूळ शब्द ठेवतच नाही, त्याचा हॅश (गणिताने काढलेली सांकेतिक अक्षरं) करून ठेवतो आणि त्या हॅशवरून मूळ शब्द परत मिळत नाही. चॅपला तर गणित करायला मूळ शब्दच लागतो! मुलाने लालबागच्या नावापुढे सिक्रेट टाकलं होतं, म्हणजे पासवर्ड बरोबर होता, टाइप बरोबर केला होता आणि तरी राउटरच्या हातात तो नव्हता. ती एक ओळ काढून पासवर्ड म्हणून परत टाकली, लिंक उभी, ऑथेंटिकेशन चालू ठेवून. सगळं मिळून पंचवीस मिनिटं. मग अनडीबग ऑल (डीबग बंद), राइट (सेटिंग सेव्ह), आणि केबल बॅगेत.

पंचवीस मिनिटांचं काम होतं हे बघून मला त्या संध्याकाळी खरंच खूप वाईट वाटलं, त्या फीवाल्या मावशींचा विचार डोक्यातून जाईना.

बाकी ठिकाणी जे बघितलं त्यातलं थोडं लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. एका लॅबमध्ये पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता (तो तिथे पाठवायचाच नसतो हे वेगळं), मोबाइलच्या कीबोर्डने पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल केलं आणि कॉपी करताना शेवटी एक स्पेस आली. राउटर त्या शेवटच्या स्पेसला पासवर्डचाच भाग धरतो, स्क्रीनवर ती दिसत नाही, माणूस दहा वेळा वाचतो आणि दहाही वेळा बरोबरच दिसतं. पासवर्डमध्ये प्रश्नचिन्ह असेल तर सिस्को कंपनीच्या राउटरवर ते टाइप केल्याबरोबर मदतीची यादी उघडते आणि चिन्ह पासवर्डमध्ये जातच नाही, आधी कंट्रोल-व्ही दाबावं लागतं. आणि एक गैरसमज तर मी खूप जणांकडे बघितला, शो रनमध्ये पासवर्ड पुढे ७ हा आकडा आणि मग अगम्य आकडे-अक्षरं दिसतात, पोरं दोन्ही राउटरची ती अक्षरं शेजारी ठेवून ताडून बघतात आणि जुळत नाहीत म्हणजे पासवर्ड वेगळा आहे असं ठरवतात. तसं नसतं. एकच पासवर्ड दोन राउटरवर, किंवा त्याच राउटरवर दुसऱ्यांदा टाकला तरी, वेगळा दिसू शकतो कारण सुरुवातीचे दोन आकडे दर वेळी बदलतात आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं. वर तो टाइप ७ उलटा वाचता येतो, कुलूप म्हणून त्याची किंमत शून्य, त्यामुळे शो रनचा स्क्रीनशॉट कुठल्याही ग्रुपवर टाकू नका हो.

घड्याळाचं तर कुणाच्या लक्षातच येत नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली होती ते सगळ्यांना आठवत असेल, लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या. त्या दिवशी माझ्या एका कस्टमरकडे यूपीएस संपले, राउटर बंद पडले, वीज आल्यावर चालू झाले पण एक शाखा काही जोडली जाईना. तिथे दोन राउटर ईआयजीआरपीने (राउटर एकमेकांना रस्ते सांगतात ती एक पद्धत) बोलायचे आणि पासवर्डला तारखांची मुदत घातलेली होती, ह्या तारखेपासून ही की (म्हणजे हा पासवर्ड), त्या तारखेपासून ती. आणि जुन्या सिस्को राउटरला आतलं बॅटरीवालं घड्याळ नसेल तर बंद होऊन चालू झाल्यावर तो १ मार्च १९९३ पासून मोजायला लागतो. त्याच्या मते आमची एकही की अजून सुरूच झाली नव्हती. पासवर्ड बरोबर, नाव बरोबर, वर्ष चुकीचं. मला ते सापडायला तीन तास लागले, आणि तेव्हापासून मी कुठेही गेले की आधी शो क्लॉक मारते. सर्ट-इनने (सायबर सुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था) एप्रिल २०२२ च्या आदेशात कंपन्यांना घड्याळं एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून वेळ घेऊन, जुळवून ठेवायला सांगितलंय ते लॉगसाठी, पण त्याचा फायदा इथेही होतो.

काही जण म्हणतील, लीज्ड लाइन आपलीच आहे, मध्ये कोण येतंय, पासवर्ड हवा कशाला. मला चेअरमन काकांनीही हेच विचारलं. लाइन आपली म्हणजे भाडं आपण भरतो इतकंच. लालबागपासून भांडुपपर्यंत ती एक्स्चेंजमधून, बॉक्समधून जाते, रस्ता खोदला की तुटते, जोडणारा माणूस रात्री टॉर्च धरून जोडतो, चुकून दुसऱ्याच्या जोडीला जोडली तर आपला राउटर समोर कोण आहे हे न विचारता त्याच्याशी बोलायला लागणार. आणि आता तर जुन्या लाइनी काढून सगळे इथरनेटवर चाललेत, तिथे ओएसपीएफ (हीसुद्धा रस्ते सांगायची पद्धत) विना पासवर्ड चालू असेल तर त्याच स्विचमध्ये कुणी आपला राउटर खोचला तर तो शेजारी बनून खोटे रस्ते सांगू शकतो आणि शाखेचा सगळा ट्रॅफिक त्याच्याकडून फिरू शकतो. पतपेढीत कुणाची भिशी आहे, कुणाचं सोनं गहाण आहे, ही माहिती त्या तारेतून जाते. लोकांनी विश्वासाने ठेवलेली आहे ती.

म्हणून माझी पहिली विनंती एएमसी घेणाऱ्या कंपन्यांना, कॉल बंद करण्यासाठी सुरक्षा काढू नका. अगदीच नाइलाज असेल, ग्राहक खोळंबलेत, तर काढा, मी समजू शकते, पण रिपोर्टवर स्पष्ट लिहा की ऑथेंटिकेशन बंद केलंय, अमुक तारखेला येऊन चालू करणार, आणि त्या तारखेला या. आणि ऑफिसवाल्यांनी सही करताना एवढं एक वाक्य विचारा, काय काढलंत का? मशिनीतलं काही कळत नसलं तरी हे विचारता येतं. राउटर बदलला की जुन्याचं नाव आणि पासवर्ड लागणारच, ते एका कागदावर लिहून बंद पाकिटात तिजोरीत ठेवा, ते त्या बिचाऱ्या पोराला भांडुपला मिळालं असतं तर नावाची चूक झालीच नसती.

दुसरी विनंती कॉलेजांना, डिप्लोमा आणि बीएस्सी आयटी दोन्हीकडच्या सरांना-मॅडमना. माझा भाचा डिप्लोमाला आहे, त्याचं जर्नल मी बघितलं, पीपीपी चॅपचं प्रॅक्टिकल आहे, कमांड बरोबर, आउटपुट बरोबर, सही झालेली. पण सगळं बरोबर चाललेलंच पोरं बघतात. पॅकेट ट्रेसर (कॉम्प्युटरवरच नेटवर्क बनवून बघायचं सॉफ्टवेअर) फुकट मिळतो, त्यात चॅप करता येतं, तर एक तास असा ठेवा की मॅडमनी गुपचूप काहीतरी बिघडवायचं, एका राउटरचं एक अक्षर स्मॉल करायचं, एकीकडे पॅप एकीकडे चॅप ठेवायचं, एक पोर्ट एचडीएलसीवर (पीपीपीऐवजीची दुसरी पद्धत) सोडून द्यायचं, सिस्कोच्या सिरियल पोर्टवर मुळात तेच असतं आणि नवीन राउटर लावताना हमखास विसरलं जातं. आणि मुलांनी शोधायचं, काहीही न काढता. सापडलं नाही तरी चालेल, पण कुठल्या पायरीवर अडलंय एवढं सांगता आलं पाहिजे, पोर्ट, एनकॅप्सुलेशन (पीपीपी की एचडीएलसी), एलसीपी, मग नाव, मग पासवर्ड. टेलनेटवरून, म्हणजे दुरून जोडून, बसलात तर टर्मिनल मॉनिटर ही कमांड टाकल्याशिवाय डीबग स्क्रीनवर येत नाही, हे सुद्धा मुलांना नोकरी लागल्यावर कळतं, पुस्तकात असूनही.

त्या एएमसीवाल्या मुलाला मी नंतर फोन केला होता, नंबर रिपोर्टवर होता. रागवायला नाही केला, सिक्रेटचं सांगायला केला. तो दोन मिनिटं गप्प होता, मग म्हणाला, मॅडम, मला वाटलं मी सेफ करतोय. मग त्याने अजून तीन ठिकाणांची नावं सांगितली जिथे सीनियरच्या सांगण्यावरून असंच काढलंय, आणि म्हणाला मी स्वतः जाऊन परत लावतो. दोन लावून झालीत, तिसऱ्या ठिकाणी पासवर्ड कुणालाच माहीत नाही म्हणून दोन्हीकडे नवीन टाकायचाय, दोन्ही राउटर एकाच वेळी हाताशी हवेत, त्यासाठी येत्या रविवारी मी त्याच्यासोबत जातेय, तो एका टोकाला बसेल, मी दुसऱ्या.

मुंबईतल्या कुठल्या पॉलिटेक्निकला वर लिहिलंय तसं प्रॅक्टिकल घ्यायचं असेल तर मी शनिवारी दुपारी येईन, पैसे नकोत. माझ्याकडे दोन जुने राउटर आहेत, एकमेकांना जोडायची व्ही.३५ केबल आहे, कन्सोल केबल आहे, सगळं घेऊन येते, फक्त एक टेबल आणि प्लग पॉइंट द्या. माझा पत्ता आणि फोन तुमच्या ऑफिसला ह्या पत्रासोबत वेगळा दिलाय, छापू नका पण कुणी विचारलं तर जरूर द्या.

आपली,
एक नेटवर्कवाली, परळ, मुंबई